साबणाच्या वीस डब्या

फोन आला तेव्हा माझे हात भांड्यांत होते. दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात पुसून घेतला.

"मावशी, उद्या शाळेत येता का? जुनी प्रयोगशाळा रिकामी करायची आहे आणि तुमचं मोठं कपाट काही केल्या उघडत नाही."

"दार आधी वर उचलायचं, मग किल्ली फिरवायची," मी म्हटलं. "बत्तीस वर्षं हेच सांगत आले. कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

पलीकडून हसू आलं. ही आमची प्रश्नपत्रिका. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण आठवीत असताना ही पोरगी एका तासात इतके प्रश्न विचारायची की वर्गानं तिला हेच नाव चिकटवलं. आता ती त्याच शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या स्वतःच्या केसांत पांढरं आलंय, तरी मी त्याच नावानं हाक मारते आणि तीही ओ देते.

"आणि मावशी, नवे डिजिटल थर्मामीटर आलेत. चाळीस! वर्गातल्या प्रत्येकाला एक. चार वह्यांच्या किमतीत एक मिळतो आता."

नळ तसाच चालू राहिला होता, तो बंद केला आणि येते म्हणाले.

प्रत्येकाला एक. हे शब्द मी चौतीस वर्षांपूर्वी ऐकले होते, आणि त्यांची वाट लावली ती मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही, लेकीलाही नाही. माणसाच्या पोटात काय काय मावतं, विचारू नका.

मी त्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस होते. मदतनीस हा कागदावरचा शब्द. काम म्हणजे भांडी धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, फुटलेल्या काचेची नोंद करणं आणि कपाटाची किल्ली सांभाळणं. आमची प्रयोगशाळा जिन्याच्या डावीकडची शेवटची खोली. चार लांब टेबलं, त्यांवर आम्लाचे डाग, कोपऱ्यात मोरी, आणि खिडकीपाशी ते मोठं कपाट. कपाटात काचेचा थर्मामीटर एकच. तो कापसात गुंडाळलेला, कापूस डब्यात, डबा कुलपात. तास असला की मी तो काढून द्यायची आणि तास संपेपर्यंत माझा जीव टांगणीला.

एका थर्मामीटरवर अख्खा वर्ग. पुढची दोन-चार हुशार पोरं त्याला चिकटायची, आकडा वाचायची, बाकीची मागून ओरडायची, "किती आला, किती आला?" आणि वहीत उतरवायची. मला त्यांचा राग यायचा नाही, कारण मीही त्याच शाळेत शिकलेली. तेव्हा मी मागच्या रांगेत उभी असायची, टाचा उंच करून. चार डोक्यांच्या पलीकडे काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. पाणी किती अंशाला उकळतं? शंभर. का? तर पुढच्यानं सांगितलं म्हणून. पुढे चौदा वर्षांनी मी तिथंच नोकरीला लागले तेव्हा तो थर्मामीटर पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि तोही धुवायला.

एक गोष्ट मात्र मला लवकर कळली. तो काचेचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात शंभर दाखवायचाच नाही. सत्त्याण्णवला जाऊन बसायचा तो बसायचाच. आधीचे मास्तर म्हणायचे, "म्हातारा झालाय तो. शंभर लिहा." मग सगळे शंभर लिहायचे. ही आमच्या प्रयोगशाळेची रीतच पडली होती. मी सुद्धा पोरांना दटावायची, "सत्त्याण्णव काय लिहितोस, मार्क जातील! शंभर लिही."

मग सर आले.

मुलं त्यांना पाठीमागे खटपट्या म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. चाळिशीचा माणूस, शर्टाच्या खिशाला कायम जळाल्याचं भोक, कारण गरम सोल्डरिंगची कांडी कुठे ठेवतोय याचं भान नसायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाची ती झुंबड पाहिली आणि माझ्याकडे आले.

"मावशी, मागच्या पोरांना काय दिसतं?"

"पुढच्यांची डोकी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "प्रत्येकाला एक द्यायला हवा," म्हणाले.

"द्या की! तेवढं पैशांचं झाडही लावा शाळेच्या मागे."

त्या काळी आकडे दाखवणारा थर्मामीटर म्हणजे चैन होती. एकाच्या किमतीत आमच्या प्रयोगशाळेचा वर्षाचा खर्च निघाला असता. पण सरांनी मनावर घेतलं होतं. भंगारातल्या कॅल्क्युलेटरांचे लाल आकडे त्यांनी पिशवी भरून आणले. बॉलपेनच्या रिकाम्या पितळी रिफिली पोरांकडून गोळा केल्या. त्या रिफिलीच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा डायोड बसवायचा. तो गरम झाला की त्याच्यातली वीज बदलते आणि सर्किट तो बदल आकड्यात दाखवतं, असं त्यांनी मला समजावलं. राहिला प्रश्न खोक्याचा. खोकी महाग पडत होती. तेव्हा मीच म्हटलं, "साबणाच्या डब्या घ्या. झाकण आहे, पाणी शिरत नाही, बाजारात ढिगानं मिळतात." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते आठवून मला बरं वाटतं.

चार महिने लागले. शाळा सुटली की चार ते सहा आम्ही दोघं प्रयोगशाळेत. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई, पण सोल्डर करायला शिकले, आणि सरांपेक्षा सुबक करायची. ते स्वतःच म्हणायचे. "मावशी, तुमचा सांधा चमकतो. माझा म्हणजे नाक वाहिल्यासारखा." एकेक डबी तयार झाली की लाल आकडे पेटायचे आणि आम्ही दोघं डबीकडे बघत बसायचो. त्यापेक्षा सुखाचे दिवस मला नंतर फारसे मिळाले नाहीत, हे सरळ सांगते.

डबीच्या पाठीला दोन बारीक स्क्रू होते. डावा बर्फाच्या पाण्यात फिरवायचा, आकडा शून्यावर येईपर्यंत. उजवा गरम पाण्याचा. गरम पाण्यात तो काचेचा म्हातारा धरायचा, तो साठ म्हणाला की डबीलाही साठ म्हणायला लावायचं. जुळलं की स्क्रू हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. ती बाटली माझ्या लेकीची, लालभडक. लेक चौदा वर्षांची, चार दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या शनिवारी ते थेंब लावायचं काम सरांनी वर्गाला दिलं. विसाव्या डबीला बाटली खरवडावी लागली.

सोमवारी साहेब येणार होते. शिक्षण खात्याचे मोठे साहेब. त्यांना हे थर्मामीटर पसंत पडले असते तर खातं तसे हजारांनी बनवून दोनशे शाळांना देणार होतं. सरांनी आल्यापासून पत्रांमागून पत्रं लिहून हा दिवस आणला होता. त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर आणखी एक फाइल जाणार होती, माझी. सहा वर्षं मी हंगामी होते. सही झाली तर कायम, नाही तर वर्ष संपताच घरी. नवऱ्याचं दुकान तेव्हाच बसलं होतं. माझ्या त्या पगारावर घर चालत होतं.

"मावशी, उकळत्या पाण्याची एक गंमत आहे," शनिवारी सर जाताना म्हणाले. "आत्ता सांगत नाही. सोमवारी साहेबांसमोरच दाखवतो. मुलांनाही बोललेलो नाही." आणि साहेबांना आणायला ते बसनं निघून गेले.

मी रविवारी दुपारी प्रयोगशाळेत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, विसांतला एखादा ऐन वेळी बंद पडला तर शोभा व्हायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि डब्यांच्या रिफिली एकेक करून आत धरल्या.

सत्त्याण्णव. दुसरी, सत्त्याण्णव. तिसरी, सत्त्याण्णव.

विसांच्या वीस डब्या चुकीच्या! आणि चूक कुठे झाली तेही मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं. त्या काचेच्या म्हाताऱ्याशी जुळवल्या होत्या ना? म्हाताऱ्याची खोड सगळ्या पोरांना लागली. सरांच्या लक्षात आलं नव्हतं, बिचारे नवीन होते. उद्या साहेबांसमोर सत्त्याण्णव दिसणार, साहेब हसणार, आणि चार महिन्यांची मेहनत मातीत. सरांना गाठायला फोन नाही. काय करायचं?

शहाणी ना मी! उजवा स्क्रू माझ्या ओळखीचा होता. लाल थेंब सुईनं खरवडून काढले, सरांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि उकळत्या पाण्यात धरून एकेक डबी शंभरावर आणली. विसांच्या वीस. पुन्हा थेंब लावायला घरी गेले तर लाल बाटली रिकामी. गुलाबी होती, तीच आणली. माझ्याही अंगठ्याच्या नखाला ती लागली, घाईत पुसायची राहिली. संध्याकाळी घरी जाताना मला कोण आनंद झाला होता! सरांची लाज राखली म्हणून.

सोमवारी दहाला साहेब आले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बरोबर होत्या. टेबलांवर वीस भांडी उकळत होती, दोघांत एक डबी, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत मागे कुणी टाचा उंच करून उभं नव्हतं. दाराशी किटली घेऊन उभी राहून मी ते बघत होते. माझा ऊर भरून आला होता.

सर पुढे झाले. "साहेब, मुलांनी आजवर उकळतं पाणी स्वतःच्या हातानं मोजलेलं नाही. आज पहिल्यांदाच मोजताहेत. पुस्तकात शंभर लिहिलंय. यांना काय दिसतं ते बघू." आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "दिसतं ते मोठ्यानं सांगा रे!"

"शंभर!" पहिलं टेबल. "शंभर!" दुसरं. "शंभर! शंभर!"

सरांचा चेहरा उतरला. मला कळेना का. शंभरच तर हवे होते!

साहेबांनी चामड्याच्या पेटीतून स्वतःचा थर्मामीटर काढला, कंपनीचा, प्रमाणपत्र असलेला. एका भांड्यात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वळवला. सत्त्याण्णव.

"सर," साहेब म्हणाले, "हे गाव उंचावर आहे. इथं हवेचा दाब कमी, पाणी शंभराच्या आधीच उकळतं. विज्ञानाच्या शिक्षकाला हे ठाऊक असायला हवं. आणि ठाऊक असेल तर मग जास्तच वाईट. पुस्तकातला आकडा यावा म्हणून तुम्ही स्क्रू पिळून आणलेत का?"

गंमत ती हीच होती, सत्त्याण्णव! तो म्हातारा थर्मामीटर जन्मभर खरं बोलत होता आणि आम्ही सगळे त्याला खोटं पाडत होतो.

सरांनी जवळची डबी उचलली, उलटी केली. पाठीवरचा थेंब त्यांनी पाहिला. गुलाबी. मग त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे नाही, किटली धरलेल्या माझ्या अंगठ्याकडे. ते बघणं एका श्वासाएवढंच होतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन पावलं पुढे व्हायचं आणि म्हणायचं, साहेब, हे मी केलं. साहेबांच्या कोपराखाली माझी फाइल होती, सही न झालेली. मी किटली घट्ट धरून उभी राहिले.

"चूक माझी आहे, साहेब," सर म्हणाले. "जुळवताना माझ्याकडून झाली."

"मग ही खेळणी आहेत," साहेब म्हणाले. "खेळण्यांसाठी खात्याकडे निधी नाही."

जाताना साहेबांनी एक सही केली आणि एक केली नाही. मी कायम झाले. मोठ्या बाईंनी अभिनंदन केलं, मी घरी गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले.

दुसऱ्या दिवशी सर डब्या एका पत्र्याच्या ट्रंकेत भरत होते. बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवल्या. मी झाडू घेऊन उगाच तीच जागा झाडत होते.

"मावशी," ते मान वर न करता म्हणाले, "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. गंमत म्हणून लपवून ठेवलं."

दार उघडं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं आत यायचं होतं. आणि मी काय म्हणाले?

"काय ते, सर?"

"काही नाही," ते म्हणाले आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

स्क्रू फिरवले ते अज्ञानातून. त्याचं मला इतकं वाटत नाही. पण ते "काय ते, सर?" मला चौतीस वर्षं छळत आलंय. दोन वर्षांनी सर दुसऱ्या गावी गेले. मी कायमची पगारदार, नंतर पेन्शनर. दर महिन्याला बँकेत पेन्शन आलं की मला ते तीन अंश आठवतात.

तर दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. दार वर उचललं, किल्ली फिरवली, कपाट उघडलं. प्रश्नपत्रिका म्हणाली, "असं होय!" मी म्हटलं, "असंच. शिकलीस इतकी, दार उचलता येईना." काचेचा म्हातारा कापसात तसाच होता. कपाटाच्या तळाशी ट्रंक होती. तिच्यावर साठ्याचं जुनं रजिस्टर. ते दरवर्षी माझ्या हातून जायचं, पण त्या एका पानापाशी मी नेहमी दोन पानं एकदम उलटायची.

या वेळी उलटली नाहीत. सरांचं तिरपं अक्षर होतं. "घरी बनवलेले डिजिटल थर्मामीटर, नग वीस. बनवणारे: मी आणि प्रयोगशाळेच्या मावशी. शेरा: उकळत्या पाण्यात तीन अंश जास्त दाखवतात, तेवढे वजा करून वाचावेत. सील तोडू नये. चौकशी करू नये."

माझा चष्मा धुरकटला. चौकशी करू नये! माझं नाव बनवणाऱ्यांत घातलं आणि बिघडवणाऱ्यांतून काढलं.

शेजारच्या नव्या प्रयोगशाळेत तिचा वर्ग भरला होता. चाळीस पोरं, चाळीस थर्मामीटर, काड्यापेटीएवढे. भांडी उकळत होती. एक मुलगा शेजारणीला म्हणाला, "माझा बिघडलाय गं, सत्त्याण्णवच्या वर जात नाही," आणि सरळ वहीत शंभर लिहिलं.

"ए!" मी अशी ओरडले की अर्धा वर्ग दचकला. "काय लिहिलंस ते? खोड आधी! दिसतं काय आणि लिहितोस काय? दिसतं ते लिही!"

प्रश्नपत्रिकेनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं. वर्गाचं दार उघडंच होतं. "मावशी, थांबा, बसा जरा," म्हणाली. मग माझ्याजवळ बसत, "शनिवारी आम्ही थेंब लाल लावले होते. सोमवारी ते गुलाबी होते. एवढा एकच प्रश्न मी जन्मात विचारला नाही."

"का नाही विचारलास?"

"सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून."

म्हणजे ही सुद्धा! मी तिचा हात धरला. "सर आहेत का गं?"

"आहेत. मुलाकडे असतात. कानानं कमी ऐकू येतं, पण फोन घेतात. दर वर्षी मी करते."

"लाव," मी म्हटलं. "आत्ता लाव. माझा धीर सुटायच्या आत."

तिनं लावला, स्पीकर सुरू करून माझ्यासमोर धरला. बऱ्याच वेळानं पलीकडून जाडा, थकलेला आवाज आला. "कोण?"

"सर, मी प्रयोगशाळेतली मावशी!"

"मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

"मावशी! साबणाच्या डब्या, सर! ते स्क्रू मी फिरवले होते!"

"काय फिरवलं?"

चौतीस वर्षं गिळलेलं वाक्य एकदाच म्हणायची तयारी केली होती मी. ते बेंबीच्या देठापासून ओरडून दुसऱ्यांदा म्हणावं लागेल असं काही वाटलं नव्हतं. "स्क्रू, सर! उजवा स्क्रू! विसांच्या वीस! रविवारी! शंभर यावेत म्हणून! मी फिरवले आणि तुम्ही बोलणी खाल्लीत आणि मी गप्प बसले!"

अख्खा वर्ग दाराशी येऊन चिडीचूप उभा होता. माझे गाल ओले झाले होते आणि मला त्याची लाज वाटेना.

पलीकडून सर म्हणाले, "माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. मी आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमची सही राहिली असती."

"आणि तुमची राहिली ती?"

"माझी परत कधीतरी झाली असती." मग ते जरा हसले. "झाली नाही, ते सोडा. डब्या आहेत का अजून?"

"आहेत, सर. ट्रंकेत."

"पेटतात?"

प्रश्नपत्रिकेनं पोरांना पिटाळलं. कुणी ट्रंक आणली, कुणी शिपायाकडून बॅटऱ्या. वीस डब्यांतल्या अकरा पेटल्या. तेच लाल आकडे. मी एक रिफिल उकळत्या भांड्यात धरली.

"किती?" सरांनी विचारलं. ते फोन धरून बसले होते.

"शंभर," मी म्हटलं. माझा गुलाबी थेंब पाठीवर तसाच होता, जरा फिका पडलेला.

"मग आणा की परत. मी थांबतो."

थेंब खरवडायला सुई मिळेना, एका मुलीनं केसातली पिन काढून दिली. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा घसरला. एकही पोरगं हसलं नाही. जवळची आपापले नवे थर्मामीटर त्याच भांड्यात धरून उभी होती आणि मी उजवा स्क्रू केसभर फिरवत होते.

"किती?"

"नव्याण्णव."

"अजून थोडा."

"अठ्ठ्याण्णव."

"घाई नको, मावशी. सांधा तुमचा आहे, बिघडायचा नाही तो."

मी डोळे पुसले, पुन्हा फिरवला. आकडा लुकलुकला आणि थांबला.

"सत्त्याण्णव, सर."

"बघा," ते म्हणाले, आणि आवाज एकदम तेव्हाचा झाला, खिशाला भोक असलेल्या माणसाचा. "म्हटलं नव्हतं, उकळत्या पाण्याची एक गंमत आहे म्हणून?"

मी मान हलवली, ती त्यांना फोनवर दिसणार कुठून? मग पोरांकडे वळले. चाळीसच्या चाळीस माझ्या तोंडाकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "भांड्याकडे बघा, आणि दिसतं ते लिहा."